शेक्सपियरने घेतलेले लंडनचे घर

‘घर पहावे बांधून आणि लग्न पहावे करून’ ही म्हण आपल्याकडे घरोघर ऐकू येते. बांधणाराच्या हालअपेष्टांची आमच्या पूर्वजांनी अशी नोंद करून ठेविली. परंतु दुसऱ्याने बांधलेले घर विकत घेणारावर कोणते प्रसंग ओढवतात, याविषयी त्यांनी म्हण केली नाही. बांधणाराचा तंटा गवंड्याशी, सुताराशी, फार तर शेजाऱ्याशी, म्हणजे जिवंत माणसांशी असतो. विकत घेणाराचा तंटा पुष्कळदा मेलेल्या माणसांशी असतो. कोणी चाळीस वर्षांपूर्वी कुंपण घातलेले असते, कोणी वाट सोडलेली असते, कोणी मूळ कागद आपल्या पेटीत ठेवून डोळे मिटलेले असतात. आणि या सर्वांचे फळ नव्या मालकाच्या पदरी येते. अशा एका खरेदीची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. खरेदीदार कोणी सावकार नव्हे. ज्याचा हॅम्लेट आगरकरांनी 1883 साली ‘विकारविलसित’ या नावाने, व ज्याचा ऑथेल्लो देवलांनी 1890 साली ‘झुंझारराव’ या नावाने मराठीत आणिला, तो विल्यम शेक्सपियर हाच तो खरेदीदार होय.

या पुरुषाविषयी इतके लिहिले गेले आहे की, त्याने एक ग्रंथालय भरून जाईल. त्याच्या हातच्या सर्वसंमत सह्या मात्र सहाच आहेत. त्यांपैकी तीन मृत्युपत्रावर, एक 1612 सालच्या एका दाव्यातील जबानीवर, आणि उरलेल्या दोन या घराच्या खरेदीखतावर व गहाणखतावर आहेत. खरेदीखत 10 मार्चचे, गहाणखत दुसऱ्या दिवसाचे, म्हणजे 11 मार्चचे. कागदावरील साल 1612 आहे. कारण त्या काळी इंग्लंडात नवे वर्ष 25 मार्चपासून धरीत. आपल्या गणनेने ते 1613 होय. खरेदीखताची शेक्सपियरच्या सहीची प्रत लंडन शहराच्या कॉर्पोरेशनने 1843 साली 145 पौंडांस विकत घेतली, व गहाणखत ब्रिटिश म्युझियमने 1858 साली 315 पौंडांस घेतले. खुद्द घराची किंमत 140 पौंड होती. घराहून घराचा कागद महाग ठरावा, असे थोड्याच मालकांच्या बाबतीत घडते.

आता घर कसे होते ते पाहू. लंडन शहराच्या नैर्ऋत्येस, टेम्स नदीच्या उत्तर तीरावर, काळा झगा घालणाऱ्या डॉमिनिकन भिक्षूंचा मोठा मठ होता. त्यावरूनच त्या भागास ब्लॅकफ्रायर्स हे नाव पडले. आठव्या हेन्रीने मठ मोडले, त्यात 1538 साली हाही गेला. त्याच्या इमारती दरबारी मंडळींच्या हाती आल्या आणि पुढे त्यांचे तुकडे पडत गेले. भिक्षू गेले, तरी मठाच्या आवारास शहराच्या अंमलापासून जी मोकळीक होती ती बरीच वर्षे टिकली. 1608 सालच्या सनदेने ती संपली.

या आवाराच्या पूर्व अंगास एक मोठा दरवाजा होता व आमच्या खरेदीदाराचे घर काही अंशी त्या दरवाजावरच उभे होते. आपल्या जुन्या वाड्यांची देवडी व तिच्यावरची माडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांस ही रचना समजावून सांगण्याची गरज नाही. खरेदीखतातील चतुःसीमा वाचताना तर एखाद्या कुलकर्ण्याचा कागद हाती आल्याचा भास होतो. पूर्वेस पडल वार्फ नामक धक्क्याकडे उतरणारा रस्ता, व समोर राजाचा जामदारखाना. पश्चिमेस थोडी मोकळी जमीन, तिच्या दोन बाजूंस अ‍ॅन बेकन नावाच्या विधवेने घातलेले फळ्यांचे कुंपण, तिसऱ्या बाजूस विटांची जुनी भिंत. दरवाजातून आत गेले की एक मोठी हवेली लागे. ती पूर्वी विल्यम ब्लॅकवेल यांजकडे व नंतर नॉर्थंबरलंडच्या अर्लकडे होती. म्हणजे पायाखालची वाट दुसऱ्याच्या हवेलीची, आणि वाटेवरची खोली आपली! असे घर घेताना पहिला प्रश्न हा की, मालकाने आपल्या दारात जावे कोठून? म्हणून मोठ्या दरवाजातून व अंगणातून घराच्या नेहमीच्या दारापर्यंत जाण्यायेण्याचा हक्क कागदात स्पष्ट शब्दांनी लिहून घेतला आहे. हा मजकूर ज्याने घालविला तो लेखक जाणता होता, यात संशय नाही.

परंतु लोकांचे लक्ष या पुढच्या दारापेक्षा मागच्या दारांकडेच अधिक गेले आहे. 1586 साली त्याच भागातील एका माणसाने सरकारात कळविले होते की, या घरास कितीतरी मागील दारे व आडवाटा आहेत, गुप्त तळघरे व कोनेकोपरे आहेत, आणि रोमन पंथीयांच्या संशयावरून त्याची पूर्वी झडतीही झालेली आहे. बारा वर्षांनी, 1598 साली, पुन्हा तक्रार झाली; लपण्याच्या जागांबरोबर नदीकडे निघणाऱ्या वाटांचाही तीत उल्लेख होता. एलिझाबेथ राणीच्या राज्यात रोमन पंथाच्या धर्मगुरूस आसरा देणे हा देहान्ताचा अपराध होता, हे लक्षात घेतले म्हणजे अशा दारांचा उपयोग कोणास होत असावा, हे निराळे सांगावयास नको. याच धाग्यावरून काही विद्वानांनी शेक्सपियर अंतर्यामी जुन्या पंथाचा असून त्याने हे घर त्याच हेतूने घेतले, असे अनुमान बांधिले आहे. आम्हांस ते पटत नाही. तक्रारी जुन्या, पहिली तर खरेदीच्या सत्तावीस वर्षे आधीची. विकणारा हेन्री वॉकर हा लंडनचा एक वादक. कागदात त्याचा धंदा तोच लिहिला आहे. आणि भुयारे कितीही असली तरी खरेदीखतात त्यांचे नावसुद्धा नाही. भाड्याने देण्यासाठी घर घेणाराच्या दृष्टीने पाहिले, तर पुष्कळ दारांचे घर म्हणजे पुष्कळ बिऱ्हाडे करता येण्याजोगे घर. एवढा साधा अर्थ पुरेसा नाही काय? शिवाय पडल वार्फवरून होडीत बसले की पलीकडच्या तीरावर ग्लोब नाटकगृह होतेच.

खरेदीच्या वेळी अथवा त्याच्या थोडे आधी या घरात विल्यम आयर्लंड नावाचा भाडेकरी रहात होता, असे कागदावरून दिसते. बिचाऱ्याचे नाव पुढे एका विलक्षण लबाडीस उपयोगी पडले. 1795 च्या सुमारास लंडनमधील विल्यम हेन्री आयर्लंड नावाच्या तरुणाने शेक्सपियरची पत्रे, कागद, फार काय सबंध नाटके आपल्या हाताने लिहून ती जुनी म्हणून पुढे आणिली. त्यांत एक दानपत्र असे होते की, आपल्याच नावाच्या एका पूर्वजाने शेक्सपियरास टेम्स नदीत बुडताना वाचविले व त्याबद्दल कवीने त्यास आपली हस्तलिखिते दिली. ‘व्हॉर्टिजर्न’ हे त्याचे बनावट नाटक 2 एप्रिल 1796 रोजी ड्रुरी लेन नाटकगृहात झाले, आणि प्रेक्षकांनी ते हसून पाडले. घराच्या खऱ्या कागदांपैकी एक त्यापूर्वीच, 1768 साली, सरे परगण्यातील एका धर्मोपदेशकाच्या दप्तरात सापडून विख्यात नट गॅरिक याच्याकडे गेला होता. खऱ्या कागदातील एक नाव घ्यावे आणि त्याभोवती खोटा कागद रचावा, ही कला केवळ आपल्याच कोर्टांत दिसते, असे समजणारांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

व्यवहाराच्या मुख्य प्रश्नाकडे वळू. घर किफायतीचे पडले काय? 140 पौंड म्हणजे किती, याची कल्पना यावी म्हणून इतकेच सांगतो की, स्ट्रॅटफर्डच्या शाळामास्तरास वर्षास 20 पौंड मिळत. म्हणजे मास्तराची सात वर्षांची मिळकत येथे एका दरवाजावरच्या घरास गेली. याच महिन्याच्या अखेरीस रटलंडच्या अर्लसाठी ढालीवरील एका चिन्हाची कल्पना करून दिल्याबद्दल शेक्सपियरास 44 शिलिंग मिळाल्याची नोंद आहे; अशी चौसष्ट कामे केली असती तेव्हा कोठे हे घर हाती आले असते. वॉकरने तेच घर 1604 साली मॅथ्यू बेकन यांजकडून 100 पौंडांस घेतले होते. नऊ वर्षांत शंभरावर चाळीस चढले. वादकाने कवीस चांगलेच वाजविले, असे कोणी म्हणेल!

तथापि घेणारा अडाणी नव्हता. सोळा वर्षे तो मिळकती घेत आला होता. 1597 साली त्याने स्ट्रॅटफर्डमधील न्यू प्लेस हे मोठे घर घेतले. त्याच्या दस्तात 60 पौंडांचा आकडा आहे, जरी खरी रक्कम याहून अधिक असावी असे जाणते लोक मानतात. 1602 साली 320 पौंड देऊन 107 एकर जमीन घेतली. 1605 साली 440 पौंड देऊन त्या गावच्या धान्यादिकांच्या दशमांशाचा अर्धा पट्टा घेतला. या शेवटच्या व्यवहाराचा हिशेब करण्याजोगा आहे. पट्ट्याचे उत्पन्न वर्षास सुमारे 60 पौंड. त्यांतून 22 पौंड इतरांस द्यावयाचे. हाती रहात सुमारे 38. शेकडा साडेआठाहून थोडे अधिक. दहाच्या वर व्याज घेणे तेव्हा कायद्याने मना होते, म्हणून हा दर उत्तमच म्हटला पाहिजे. परंतु पट्टा केवळ 31 वर्षे उरलेला होता. त्यानंतर उत्पन्न बंद, आणि मुद्दलही गेलेले. ब्लॅकफ्रायर्सचे घर कायम मालकीचे होते. त्याचे भाडे दशमांशापेक्षा कमी दराने आले असते तरी मुद्दल जागेवर रहाणार, आणि लंडन शहर तर दिवसेंदिवस फुगत चाललेले. ज्यास आपल्या मागे मुलीसाठी काही ठेवावयाचे आहे, त्याने एक डोळा उत्पन्नावर व एक मुदतीवर ठेवूनच हिशेब केला पाहिजे. या दृष्टीने 140 पौंड आम्हांस भारी वाटत नाहीत.

त्या भागातील भाव शेक्सपियरास ऐकून ठाऊक होता असे नव्हे. तो त्याने जवळून पाहिला होता. 1596 साली जेम्स बर्बेजने त्याच मठाचा काही भाग 600 पौंडांस घेऊन तेथे छपराखालचे नाटकगृह सिद्ध केले. जागा मोठी, वस्ती श्रीमंत, मोकळीक पुरती. उत्पन्नाच्या आशेस सीमा नव्हती. पण शेजारी उठले. लेडी रसेल यांच्या पुढाराने प्रिव्ही कौन्सिलाकडे अर्ज गेला की, नाटकामुळे गर्दी होईल, गुंड येतील, नगाऱ्यांनी व कर्ण्यांनी चर्चमधील प्रार्थना ऐकू येणार नाहीत. मनाई झाली, आणि वर्षभरात बर्बेज मरण पावला. ज्या जागेत आपण सर्वस्व ओतले तिचा पडदा उघडलेला त्याने पाहिला नाही. 1608 च्या ऑगस्टात त्याच्या मुलाने ती जागा सात भागीदारांस एकवीस वर्षांच्या पट्ट्याने दिली. वर्षाचे भाडे 40 पौंड. त्या सातांत शेक्सपियर एक होता. त्याच्या वाट्यास 5 पौंड 14 शिलिंग व काही पेन्स इतके भाडे येई, आणि नाटकगृह चालू झाल्यावर उत्पन्न चांगले होते. नव्या घरापासून हे नाटकगृह हाकेच्या अंतरावर होते. म्हणून पुष्कळ चरित्रकारांनी कवी येथे रहावयास आला असावा, असे चित्र रंगविले. पण खरेदीखतात तो स्वतःस स्ट्रॅटफर्डचा गृहस्थ म्हणवितो, आणि मृत्युपत्र लिहिताना या घरात जॉन रॉबिन्सन नावाचा मनुष्य रहात होता. गमतीची गोष्ट अशी की, 1596 सालच्या त्या नाटकविरोधी अर्जावरही एका जॉन रॉबिन्सनची सही आहे. तो हाच असेल, तर ज्याने नाटकवाल्यांस हुसकावून लावण्यासाठी सही केली, त्याने पुढे नाटकवाल्यास भाडे मोजले!

पैसे कसे दिले तेही पहाण्यासारखे आहे. 140 पैकी 80 पौंड रोख दिले, 60 राहिले. दुसऱ्या दिवशी खरेदीदारांनी तेच घर शंभर वर्षांच्या पट्ट्याने वॉकरकडे गहाण लिहून दिले; भाडे वर्षास एक मिरीचा दाणा; आणि येत्या 29 सप्टेंबरास 60 पौंड फेडले की पट्टा रद्द. आपल्याकडील नजरगहाणाशी हे पुष्कळ अंशी जुळते. या साडेसहा महिन्यांच्या मध्यावर, 29 जून रोजी, आठव्या हेन्रीवरील नाटक चालू असता तोफेच्या ठिणगीने ग्लोबचे गवती छप्पर पेटले व सबंध नाटकगृह जळून गेले. भागीदारांवर ते पुन्हा उभारण्याचा बोजा आला. नाटकगृहाचे उत्पन्न एका दुपारी राख होऊ शकते, हे या वेळी दिसून आले. आणि तीनच महिन्यांपूर्वी घरात पैसा घालणाराची दृष्टी किती योग्य होती, तेही.

आता ज्या कलमावरून सर्वांत अधिक वाद झाला आहे, त्याकडे येतो. घराचे पैसे शेक्सपियरचे. पण कागदात खरेदीदार चार आहेत. त्याच्याबरोबर विल्यम जॉन्सन हा द्राक्षासवाचा व्यापारी, जॉन जॅक्सन नावाचा एक गृहस्थ, आणि त्याचा सोबती नट जॉन हेमिंग्ज यांची नावे ट्रस्टी म्हणून घातली आहेत. हा हेमिंग्ज म्हणजे, ज्याने पुढे 1623 साली काँडेलच्या साहाय्याने कवीची नाटके एकत्र छापून जगावर उपकार केले, तोच. इंग्रजी कायद्याप्रमाणे नवऱ्याच्या स्थावराच्या तिसऱ्या हिश्शावर विधवेचा तहहयात हक्क असे. परंतु मिळकत अशी चौघांच्या नावे असली म्हणजे तो हक्क त्या मिळकतीवर लागू होत नसे. बायको अ‍ॅन नवऱ्याहून आठ वर्षांनी वडील होती, म्हणजे या वेळी सत्तावनच्या घरात. मृत्युपत्रात तिच्या नावे दुसऱ्या प्रतीचा पलंग तेवढा आहे, हे तर शाळेतील मुलांसही ठाऊक असते. या दोन गोष्टींची सांगड घालून सर सिडनी ली यांच्यासारख्या चरित्रकारांनी नवऱ्याच्या मनात तिच्याविषयी आस्था नव्हती, असा निष्कर्ष काढिला.

आम्हांस येथे सावधपणे पाऊल टाकावेसे वाटते. विधवेचा हक्क जिच्यावर बसला आहे अशी मिळकत बायकोने कोर्टात येऊन संमती दिल्यावाचून निर्वेध विकता येत नसे. आणि अ‍ॅन तर लंडनपासून तीनचार दिवसांच्या वाटेवर. लंडनचे घर हे प्रसंगी विकण्याचे घर होते. स्ट्रॅटफर्डचे न्यू प्लेस घेताना शेक्सपियरने अशी मधली नावे घातली नाहीत. तेथे तिचा हक्क कायद्याने जसा होता तसा राहू दिला. हे पाहिले म्हणजे बायकोविषयी दुष्टावा होता असे म्हणवत नाही. पण दुष्टावा नव्हता म्हणून तिचे काही गेले नाही, असेही म्हणवत नाही. व्यवहाराच्या सोयीसाठी पुरुषांनी केलेली कागदाची रचना आणि तिच्यात घरच्या बाईचा अलगद पुसला गेलेला हक्क, हा प्रकार आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी आपल्या आप्तवर्गात पाहिला असेल; आणि तेथेही मालकाच्या मनात काही वाईट नसतेच. तिची सही कोठे लागली नाही. तिला विचारले होते की नाही, याचा प्रश्न निघण्याचे कारणच कागदाने ठेविले नाही.

इतका जपून वागणारा खरेदीदार एका ठिकाणी मात्र चुकला. दोन वर्षांनी, 26 एप्रिल 1615 रोजी, सर टॉमस बेंडिश प्रभृति शेजारच्या मालकांसह त्यास चॅन्सरी कोर्टात मॅथ्यू बेकनवर फिर्याद करावी लागली. फिर्याद अशी की, या सर्व मिळकतींचे मूळ कागद बेकनची आई, तीच कुंपणवाली अ‍ॅन बेकन, हिच्यापाशी होते. ती वारल्यावर ते मुलाच्या हाती आले, आणि तो ते देत नाही. बेकनने कबूल केले की, कागद आहेत. आपली अडचण एवढीच की, कोणते कोणास द्यावे. त्याच महिन्याच्या नव्हे, पण पुढच्याच महिन्याच्या 22 तारखेस कोर्टाने कागद आपल्यापुढे आणून देण्याचा हुकूम केला. चॅन्सरीच्या मानाने हा वेग थक्क करणारा होय. एका मोठ्या आवाराचे तुकडे पडले, तुकडे अनेकांस गेले, आणि सनदा मात्र एकाच पेटीत राहिल्या. हे संकट वाटणी झालेल्या कोणत्याही वाड्यात येते. न्यू प्लेसच्या बाबतीत तर शेक्सपियरास याचा चांगलाच अनुभव आला होता. ते घर विकणारा विल्यम अंडरहिल विक्रीनंतर दोन महिन्यांनी थोरल्या मुलाच्या हातून विषाने मेला, मुलास फाशी झाली, आणि धाकटा मुलगा वयात आल्यावर 1602 साली त्याजकडून विक्री पुन्हा पक्की करून घ्यावी लागली. त्यानंतरही ब्लॅकफ्रायर्सचे घर त्याने मूळ कागद हाती नसता घेतले, याचे आम्हांस राहून राहून आश्चर्य वाटते. गुप्त दारांची चर्चा तीनशे वर्षे चालली आहे. पण मालकास त्रास दिला तो या दारांनी नव्हे, तर एका विधवेच्या पेटीने.

फिर्यादीनंतर वर्षाच्या आत तो वारला. 25 मार्च 1616 च्या मृत्युपत्रात हे घर थोरली मुलगी सुझाना हॉल हिला दिले आहे. 1618 च्या फेब्रुवारीत तिन्ही ट्रस्ट्यांनी आपला नाममात्र हक्क सुझानासाठी नव्या दोघांच्या नावे करून दिला. ट्रस्टींनी घर खाल्ले नाही, भांडण केले नाही, इतकेच नव्हे तर मृताची इच्छा अक्षरशः पाळली. असे सोबती ज्यास लाभले त्याचा माणसांचा अंदाज चुकला नव्हता. अ‍ॅन 1623 साली स्ट्रॅटफर्डमध्ये वारली. सुझाना 1649 साली गेली. 1666 च्या सप्टेंबरात लंडनला चार दिवस आग लागली, तीत ब्लॅकफ्रायर्सचा तो दरवाजा, त्यावरची खोली, मागची दारे आणि भुयारांवरचे छप्पर, सर्व जळाले. सुझानाची मुलगी लेडी बर्नार्ड तेव्हा हयात होती. तिला अपत्य नव्हते.